एकटीचा ताण, पाच-सात जणींचा आधार: सोलापुरात व्यवसाय करणाऱ्या बायकांनी आधारगट कसा उभा करावा

व्यवसाय करणाऱ्या बायका एकत्र येतात, "आपण एकमेकींना धरून राहू" असं ठरतं, आणि चार-सहा भेटींत त्याची भिशी होते, साड्यांचं प्रदर्शन होतं, नाहीतर एकमेकींना उपदेश करायची जागा होते. हेतू कुणाचाच वाईट नसतो. चुकतो तो क्रम. माणसं आधी गोळा होतात, नियम नंतर आठवतात आणि पहिल्याच महिन्यात मध्ये पैसा येतो. तो क्रम नीट लावण्यासाठी हा लेख आहे. शिलाईचं जॉबवर्क, कडक भाकरी आणि शेंगा चटणी, डबे, पार्लर, फॉल-पिको, मसाले, किराणा असा कुठलाही लहान धंदा स्वतःच्या हिमतीवर चालवणाऱ्या पाच-सात जणींना तो वापरता येईल.

## सुरू करण्याआधी: या गटात पैसा नाही

ही अट सगळ्यात आधी, कारण इथे घसरलं की पुढचं काहीच टिकत नाही.

बचत गट, भिशी आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता-गट या तिन्ही जागी बायका भेटतात, बोलतात, हसतात. पण तिथे मन मोकळं करता येत नाही, आणि त्याला कारण आहे. हप्ता-गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांवर दाब येतो. अशा ठिकाणी "या महिन्यात माझ्याकडे पैसे नाहीत, रात्र रात्र झोप नाही" हे खरं बोलणं म्हणजे शेजारणीला घाबरवणं. म्हणून बाई गप्प बसते, हसून चहा घेते आणि घरी येऊन रडते.

आधारगटात म्हणून तीन गोष्टी नाहीत: वर्गणी नाही, एकमेकींना उसनं देणं-घेणं नाही, कुणाच्या कर्जाला जामीन राहणं नाही. बचत गट चालू असेल तर तो जरूर चालू ठेवा. दोन्हींची माणसं, दिवस आणि वही मात्र वेगळी असू द्या.

सावध: "फक्त या वेळेला दोन हजार" हा अपवादही करू नका. ज्या दिवशी एक सभासद दुसरीची देणेकरी होते, त्या दिवसापासून दोघी खरं बोलायच्या थांबतात, आणि बहुतेक वेळा देणेकरी बाई यायचीच बंद होते. नेमकी तिलाच गटाची सगळ्यात जास्त गरज असते.

## टप्पा १: आधी स्वतःचा ताण वहीत उतरवा

"लई टेन्शन आहे" एवढ्यावर कुणी कुणाला मदत करू शकत नाही. गटात जाण्याआधी १४ दिवस रोज रात्री पाच मिनिटं लिहा. तीनच गोष्टी: किती वाजता, काय झालं, अंगाला काय जाणवलं. नोंदी अशा असाव्यात:

सकाळी ११: पार्टीनं ४० शर्ट परत पाठवले, कॉलरची शिलाई. डोकं जड, दुपारी जेवले नाही.
रात्री १: शुक्रवारचा हप्ता डोळ्यांसमोर. झोप नाही, छातीत धडधड.
संध्याकाळी ७: पाहुणे आले, डब्यांची तयारी राहिली. पोरावर ओरडले.

१४ दिवस झाले की प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर घाला. पैशाचा ताण असेल तर "पै", कामाचा रेटा असेल तर "का", घरचा असेल तर "घ", आणि कुणाला विचारावं हेच कळत नाही, सगळं एकटीनं ठरवावं लागतं असा असेल तर "ए". हा खेळ नाही. चारींवरचा इलाज वेगळा आहे. "पै"ला हिशोब आणि कायद्याची माहिती लागते. "का"ला बहुतेकदा कुणाची तरी युक्ती पुरते, म्हणजे कटिंग आदल्या रात्री करणं किंवा ऑर्डर घ्यायची शेवटची वेळ पक्की करणं. "घ"ला सल्ला फारसा लागू पडत नाही, ऐकणारं माणूस लागतं. आणि "ए" हा असा ताण आहे की त्याला आधारगटासारखं दुसरं औषध नाही.

हंगामही लिहा. गणवेशाच्या शिलाईत शाळा उघडण्याआधीचे दोन-तीन महिने, चटणी-भाकरीत जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि पंढरपूरची आषाढी, फराळवाल्यांना दिवाळी, पार्लरला लग्नसराई. हंगामातल्या १४ दिवसांवरून "माझं आयुष्यच असं आहे" असा निष्कर्ष काढू नका. आणि हंगाम संपून महिना झाला तरी झोप परत आली नसेल, तर ती गोष्ट हंगामावर ढकलून सोडून देऊ नका.

तपासा: याच काळात एकदा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. सतत थकवा, धडधड, चिडचिड, केस गळणं, पाळीची अनियमितता हे सगळं "टेन्शन"च्या नावावर खपवलं जातं, आणि त्यामागे रक्त कमी असणं किंवा थायरॉइड निघतो. रक्त कमी असलेल्या बाईला कितीही बोलून घेतलं तरी तिचा थकवा जाणार नाही.

वही घरात कुणी वाचेल अशी भीती असेल तर हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर, नुसत्या खुणांनी लिहा. ही वही गटात वाचून दाखवायची नसते. आपण काय बोलणार आहोत हे आपल्याला आधी कळावं, एवढंच तिचं काम.

## टप्पा २: माणसं निवडणं

पाच ते सात. चौघींपैकी दोघी आल्या नाहीत तर बैठक होत नाही; सातच्या पुढे गेलं की प्रत्येकीला बोलायला वेळ उरत नाही आणि दोघी-तिघीच बोलत राहतात.

कोण असावं याआधी कोण नसावं ते ठरवा:

- एकाच गल्लीत तोच माल विकणाऱ्या दोघी. दोघींचीही शेंगा चटणी एकाच दुकानात जात असेल तर भाव आणि गिऱ्हाईक लपवावंच लागतं.
- एकमेकींची देणेकरी-घेणेकरी, किंवा एकाच हप्ता-गटातल्या.
- जावा-जावा, सासू-सून, नणंद-भावजय. घरचं बोलणं घरात परत जातं.
- मालकीण आणि तिच्याकडे मजुरीवर शिवणारी.

उरलेल्यांत धंदे वेगवेगळे पण आकार साधारण सारखा असा मेळ घाला. दोन मशीनवाली, डबेवाली, पार्लरवाली आणि घरगुती मसालेवाली यांचं जमतं, कारण चौघींनाही उधारी, सुट्टी आणि घर यांची कसरत सारखीच असते. बारा कामगार असलेली गारमेंटवाली आणि घरी एकटीनं फॉल-पिको करणारी यांना एकत्र बसवलं की दुसरी आपोआप श्रोता होते.

सोलापुरात भाषेचाही विचार करावा लागतो. पूर्व भागात घरी तेलुगू, दुसरीकडे कन्नड किंवा दख्खनी, आणि बाजारात मराठी अशी सवय बहुतेकींना आहे. हिशोब मराठीत सांगता येतो, पण रडू आपल्या भाषेत येतं. गटात निदान दोघी-दोघींची भाषा जुळेल असं बघा. म्हणजे एखादी मध्येच तेलुगूत बोलू लागली तर तिला थांबवावं लागत नाही. दुसरी नंतर, तिला विचारून, बाकीच्यांना आशय सांगते.

बोलावणं एकेकीला, समोरासमोर द्या. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच मेसेज टाकला तर येतात त्या मोकळा वेळ असलेल्या, गरज असलेल्या नव्हे. असं सांगता येईल: "अक्का, धंदा करणाऱ्या आम्ही पाच-सहा जणी पंधरा दिवसांतून एकदा दीड तास बसणार आहोत. वर्गणी नाही, काही विकायचं नाही. आपापल्या डोक्याला काय त्रास आहे ते बोलायचं आणि ऐकायचं. तीनदा येऊन बघा, नाही पटलं तर सोडा." तीन भेटींची मुदत मुद्दाम सांगा. कायमचं बांधून घ्यायला बाई घाबरते, तीनदा यायला नाही.

## टप्पा ३: जागा, वेळ आणि चहा

जागेची पहिली कसोटी: शेजारच्या खोलीतून बोलणं ऐकू जातं का? घरचा हॉल सोयीचा वाटतो, पण आत सासूबाई, बाहेर ओट्यावर दीर, मध्ये अभ्यास करणारी मुलगी असेल तर कुणी बोलणार नाही. सुट्टीच्या दिवशी बंद असलेली शिलाईची खोली, दुपारी रिकामं असणारं पार्लर, ओळखीच्या वाचनालयाची किंवा समाज-कार्यालयाची खोली यातलं काही बघा. देवळाचं सभामंडप थंड असतं, पण तिथे येणारे-जाणारे ओळखीचे निघतात. पहिल्या भेटीला चालेल, कायमचं नको.

वेळ ९० मिनिटं, दर पंधरा दिवसांनी, तोच वार. दुपारी अडीच ते चार ही वेळ बहुतेकींना जमते: डबे गेलेले असतात, मुलं यायची असतात. एप्रिल-मेमध्ये मात्र पारा चाळिशीच्या वर असताना भर दुपारी जुळे सोलापुरातून अशोक चौकाकडे रिक्षानं कुणी येणार नाही. त्या दोन महिन्यांत सकाळी साडेनऊ किंवा संध्याकाळी सहानंतरची वेळ घ्या. नळाला पाणी येण्याचा दिवस टाळा. पाण्याच्या दिवशी ठेवलेली बैठक म्हणजे निम्म्या जणी गैरहजर.

खायला फक्त चहा. हा नियम कडक पाळा. पहिल्या भेटीत एकीनं भजी केली की दुसरी साबुदाणा वडा करते, तिसरी त्याहून काही मोठं, आणि चौथीला घरी बोलावणं म्हणजे सकाळपासून राबणं होऊन बसतं. ताण कमी करायला काढलेला गट पंधरा दिवसांतून एकीचा ताण वाढवू लागतो.

तपासा: प्रत्येकीला विचारा, "या वेळी तू इथे आहेस हे घरी काय सांगून आलीस?" खोटं सांगून यावं लागत असेल तर वेळ किंवा जागा बदला. लपून येणारी बाई सतत घड्याळाकडे बघते.

## टप्पा ४: पहिली बैठक फक्त नियमांची

पहिल्या भेटीत दुःखं काढू नका. हा मोह फार असतो: एकीला भरून येतं, सगळ्या रडतात, मोकळं वाटतं. आणि मग घरी गेल्यावर तिला वाटतं, "मी हे काय बोलून बसले? ही उद्या कुणाला सांगेल?" ती दुसऱ्यांदा येत नाही. आधी कुंपण, मग बी.

सगळ्यांनी मिळून पाच गोष्टी मोठ्यानं बोलून ठरवा:

१. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. नवऱ्याला, बहिणीलाही नाही. नाव न घेता "आमच्यातली एक" असंही सांगायचं नाही. सोलापूर एवढं मोठं नाही, लोक ओळखतात. याला अपवाद एकच, जीवाला धोका असेल तेव्हा. तो पुढे टप्पा ८ मध्ये आहे.
२. मागितल्याशिवाय सल्ला नाही.
३. कुणी बोलायचं नाही म्हटलं तर तिला टोचायचं नाही.
४. विकणं नाही, वर्गणी नाही, उसनवारी नाही, कुठल्या योजनेत पैसे गुंतवायचं बोलणं नाही.
५. फोन पर्समध्ये. घरून तातडीचा येईल असं असेल तर आधी सांगायचं.

मग पुढच्या तीन बैठकींसाठी एकेक वेळ सांभाळणारी ठरवा. ती अध्यक्ष नव्हे. तिचं काम घड्याळ बघणं आणि नियमाची आठवण करून देणं. दर बैठकीला बाई बदला. जिनं गट सुरू केला तिच्याकडेच हे काम राहिलं तर वर्षभरात ती थकते आणि गट तिच्याबरोबर बसतो.

उरलेल्या वेळात प्रत्येकीनं आपला धंदा सांगायचा: काय करते, किती वर्षं, हातात काय येतं, हंगाम कोणता. आकडा सांगायची सक्ती नाही.

## टप्पा ५: नेहमीची बैठक, मिनिटांप्रमाणे

घड्याळ लावून बोलणं पहिल्यांदा कोरडं वाटतं. पण वेळ बांधली नाही तर जिला बोलता येतं तीच बोलते, आणि जिच्या आत साठलेलं आहे ती चार भेटी नुसती मान हलवत बसते. सहा जणींसाठी ही वाटणी धरा:

पहिली ५ मिनिटं: बसणं, पाणी. दोन मिनिटं शांत श्वास, चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडताना वेळ जास्त घेतला की धडधड उतरते.

पुढची १८ मिनिटं, फेरी: प्रत्येकीला तीन मिनिटं. "गेल्या पंधरा दिवसांत जड काय गेलं, बरं काय झालं." मध्ये कुणी बोलायचं नाही, "माझं पण असंच" हेसुद्धा नाही. फेरीच्या शेवटी वेळ सांभाळणारी विचारते, "आज कुणाला जास्त वेळ हवा?" दोघी निवडा. गेल्या वेळी जिनं घेतला ती यावेळी मागे.

४० मिनिटं, दोघींना प्रत्येकी २०: हा बैठकीचा गाभा आहे आणि चुकाही इथेच होतात.

सात मिनिटं ती बोलते. बाकीच्या ऐकतात. ती थांबली, रडली, तरी घाई नाही. पदर पुढे करून "रडू नको गं" म्हणायचं नाही. त्याचा अर्थ "तुझं रडणं आम्हाला सोसत नाही" असा पोचतो. पाण्याचा पेला जवळ ठेवा, बस.

पाच मिनिटं फक्त प्रश्न. आपण उत्तर ठरवून विचारतो तो प्रश्न नसतो. "तू उधारी बंद का करत नाहीस?" हा सल्लाच आहे, शेवटी प्रश्नचिन्ह असलेला. "किती जणांकडे किती दिवसांची उधारी आहे?", "यातलं सगळ्यात जास्त कुठलं नाव आठवून झोप उडते?", "हे घरी कुणाला माहीत आहे?" हे प्रश्न. यांची उत्तरं देताना तिलाच तिचं गाठोडं सुटं दिसायला लागतं.

पाच मिनिटं अनुभव. इथे वेळ सांभाळणारीनं तिला विचारायचं: "तुला आमच्याकडून काय हवं, अनुभव की नुसतं ऐकणं?" ऐकणं म्हणाली तर ही पाच मिनिटं शांत बसा किंवा तिला परत बोलू द्या. अनुभव म्हणाली तर वाक्य "मी" नं सुरू करायचं. "मी डब्याचे पैसे महिन्याच्या एक तारखेला आगाऊ घ्यायला लागले, सुरुवातीला तिघे सुटले" हे चालतं. "तू आगाऊच घ्यायला हवेत" हे नाही. अनुभवात काय तुटलं तेही सांगा, नाहीतर ऐकणारीला वाटतं, सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही.

शेवटची तीन मिनिटं तिची. पुढच्या पंधरा दिवसांत ती कुठली एक लहान गोष्ट करणार ते ती सांगते. एकच. "सगळी उधारी वसूल करीन" हे नव्हे. "मंगळवारी त्या एका दुकानदाराला फोन करून तारीख मागीन" हे. काहीच करणार नाही असं म्हणाली तरी चालेल.

१२ मिनिटं, शेवट: प्रत्येकी एक वाक्य, आज जाताना मन कसं आहे. हे टाळू नका. कुणी फार हलून गेली असेल तर ती इथे कळते आणि तिच्याबरोबर रिक्षापर्यंत कुणी जायचं ते ठरवता येतं.

राहिलेली पंधरा मिनिटं मोकळी. ती लागतातच.

सावध: तीन वाक्यं गटाला आतून पोखरतात. "एवढ्यानं काय होतंय, माझं ऐकशील तर…", "जगात याहून वाईट असतं", आणि "नवऱ्याला जरा समजून घे." तिसरं सगळ्यात घातक, कारण ते आपुलकीनं बोललं जातं. घरात मार खाणाऱ्या बाईचं तोंड त्या एका वाक्यानं वर्षभर बंद होतं.

## टप्पा ६: दोन बैठकींच्या मधले पंधरा दिवस

सहा जणींच्या तीन जोड्या करा. जोडीनं आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फोनवर बोलायचं; पाच मिनिटं एकीची, पाच दुसरीची. दर दोन महिन्यांनी जोडी बदला. हंगामात बैठका बंद ठेवायची चूक सर्रास होते: "जूनपर्यंत गणवेशाचं काम आहे, मग बघू." ताण जूनपर्यंतच सगळ्यात जास्त असतो. त्या काळात बैठक महिन्यातून एक करा, पण जोडीचा फोन सोडू नका. मशीनवर बसून, स्पीकर न लावता, इअरफोननं बोललं तरी चालतं.

व्हॉट्सॲप गट लागलाच तर वार-वेळ कळवण्यापुरता. घरातल्या मुलांच्या हातात फोन असतो, म्हणून नावं, रकमा, घरचे वाद तिथे लिहू नका. मेसेज सात दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू ठेवा. सुविचार, लिंका आणि मालाचे फोटो पहिल्या दिवसापासून बंद. आवाजी मेसेज तर नकोच. तो चुकून सगळ्यांसमोर वाजतो.

## टप्पा ७: पैशाचा ताण आला की काय करायचं

गट पैसे देणार नाही, पण माहिती देऊ शकतो, आणि बरोबर जाऊ शकतो. निम्मी भीती नियम माहीत नसल्याची असते.

थकलेली बिलं. तुम्ही माल बनवता किंवा जॉबवर्क करता आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, तर २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याचं संरक्षण आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. उद्यम नोंदणीला शुल्क नाही. पैसे मागणारा एजंट आला तर परत पाठवा. नोंदणी मालाचा पुरवठा करण्याआधी करून ठेवा, नंतर धावपळ नको. नुसता माल आणून विकणाऱ्यांना, म्हणजे साड्या किंवा किराणा विकणाऱ्यांना, उशिरा येणाऱ्या पैशाबाबतचं हे संरक्षण मिळत नाही.

अर्ज करायच्या आधी एक गोष्ट पुरते बऱ्याचदा: माल दिल्याची सही असलेलं चलन आणि बिल. तोंडी व्यवहारात पार्टी "माल आलाच नाही" म्हणू शकते. बैठकीत एक पान चलनाचा नमुना सगळ्यांनी उतरवून घ्या. त्या एका पानानं पुढची कितीतरी रात्रींची झोप वाचते.

मायक्रोफायनान्सचे हप्ते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास देणं चालत नाही. वसुलीची जागा दोघांनी ठरवलेली असते; ठरल्या जागी लागोपाठ दोनदा बाई आली नाही तरच माणूस घरी येऊ शकतो. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या घरगुती उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, म्हणजे त्यापुढे नवं कर्ज द्यायचंच नाही, असा नियम आहे. त्रास होत असेल तर आधी संस्थेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीचा नंबर १४४४८.

हप्ता चुकणार हे कळलं की चुकण्याच्या आधी संस्थेच्या शाखेत जाऊन बोला, नंतर नव्हे. गटातली एक जण बरोबर जावी. तिनं बोलायचं नाही, शेजारी बसायचं.

सावध: एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, तेही मोबाइल ॲपवरून, हा ताणाचा सगळ्यात वेगानं वाढणारा प्रकार आहे. ॲपवाल्यानं फोटो, संपर्क यादी दाखवून धमकावलं तर पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

## टप्पा ८: गट पुरत नाही तेव्हा

आधारगट डॉक्टर नाही, वकील नाही, पोलीस नाही. पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं असलं तर प्रसंगी कुणाची धांदल उडत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, "माझा काही उपयोग नाही" असं सतत वाटणं: मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायची वेळ झाली. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. जायची हिंमत होत नसेल तर आधी टेलि-मानसला फोन करा: १४४१६. हा सरकारी नंबर दिवसरात्र आणि मोफत चालतो, आणि मराठीबरोबर तेलुगू, कन्नडमध्येही बोलता येतं. औषध सुरू झालं तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नसतं. हे गटानं तिला आठवण करून द्यावं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणून देऊ नये.

मरणाचं बोलली तर: "सगळ्यांची सुटका होईल", "मी नसले तरी चालेल" हे बोलणं टाळून पुढे जाऊ नका. सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं याचा धीर येतो. हो म्हणाली तर पुढचा प्रश्न, "कसं, कधी, काही ठरवलं आहे का?" ठरवलेलं असेल तर तिला एकटी सोडू नका. तिच्या जवळचं कीटकनाशक, गोळ्या, ॲसिड दूर करा. घरातलं तिला विश्वासाचं वाटतं ते माणूस बोलवा, ११२ ला फोन करा किंवा थेट सिव्हिलच्या अपघात विभागात घेऊन जा. इथे गुप्ततेचा नियम लागू नाही, आणि तसं तिला सांगा: "हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही, कारण मला तू हवी आहेस." "पोलीस केस होईल" या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही.

घरात मारहाण होत असेल तर: गटानं मिळून नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नये. तुम्ही परत जाता, ती तिथेच राहते. तिला १८१ हा महिला हेल्पलाइन नंबर, सखी वन स्टॉप केंद्र (छळ झालेल्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र) आणि घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी यांची माहिती द्या. लगेच धोका असेल तर ११२. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कधी जायचं, जायचं की नाही, हे ती ठरवेल. तोवर तिची ओळखपत्रं, बँकेचं पासबुक आणि उद्यम नोंदणीच्या प्रती एखादीच्या घरी सुरक्षित ठेवता येतील.

तपासा: वरचे नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये जपून ठेवलेत का? १४४१६, १८१, ११२, १९३०, १४४४८. घरच्यांच्या नजरेला येऊ नये असं वाटत असेल तर गिऱ्हाइकाच्या नावानं ठेवा.

## टप्पा ९: तीन महिन्यांनी गटाची तपासणी

सहा बैठका झाल्या की एक बैठक फक्त यासाठी द्या. प्रत्येकीनं पुन्हा सात दिवस वही लिहून यावं आणि पहिल्या वहीशी ताडून बघावं. ताणाची कारणं कमी झाली नसतील. उधारी, पाणी, सासर आहे तिथेच असेल. बघायचं ते हे: झोप सुधारली का, "ए" खुणा कमी झाल्या का, अडचण आल्यापासून कुणाशी तरी बोलेपर्यंत किती दिवस जातात. आधी तीन आठवडे जात असतील आणि आता तीन दिवस, तर गट काम करतो आहे.

मग उघड प्रश्न विचारा. कोण सगळ्यात कमी बोलली? कुणाला सतत ऐकावंच लागतं? एकीच्याच संकटावर गटाचा सगळा वेळ जात असेल तर ते तिच्यासाठीही बरं नाही. तिला गटाबाहेरची मदत हवी आहे, तिला तिकडे पोचवा. बाहेर गोष्ट फुटली असेल तर कुणी फोडली याचा तपास सगळ्यांसमोर करू नका. नियम पुन्हा मोठ्यानं वाचा, जिची गोष्ट फुटली तिला एकटीला भेटा, आणि जिच्याकडून झालं ती स्वतः पुढे आली नाही तर दोघींनी तिच्याशी वेगळं बोलावं. दुसऱ्यांदा झालं तर तिला गटात ठेवू नका. इथे भिडस्तपणा केला तर बाकी पाच जणी गमावाल.

नवी सभासद घ्यायची असेल तर ती सगळ्यांना विचारून, आणि एकावेळी एकच. ती आली की टप्पा ४ ची नियमांची बैठक पुन्हा होते, जुन्यांसाठीही. सातच्या वर संख्या जायला लागली तर दोन गट करा. जुन्यांपैकी तिघी एकीकडे, तिघी दुसरीकडे, म्हणजे पद्धत दोन्हीकडे माहीत असते.

कुणी सोडून जात असेल तर कारण विचारू नका, एका बैठकीत निरोप द्या. गटच थांबवायचा झाला तर तोही ठरवून थांबवा: एक शेवटची बैठक, व्हॉट्सॲप गट काढून टाकणं, आणि एकमेकींकडे ठेवलेली कागदपत्रं त्याच दिवशी ज्याची त्याला परत.